गिऱ्हाईक

आज हेनारो पुढच्या दारानं आले.
केसांना पाणी लावून, भांग पाडून,
भाच्याच्या लग्नातला कोट चढवून.
आणि दारातच थबकले,
पायपुसण्यावर बूट घासत राहिले इतका वेळ
की आईनं आतून विचारलं, कोण आहे गं?

एकतीस वर्षं ते मागच्या दारानं येत होते.
ओहोटी संपता संपता
घराखालच्या खांबाला होडी बांधून
निसरड्या शिडीवरून आधी पोतं वर ढकलायचे,
मग डोकं दिसायचं.
तिसऱ्या, शिणाणे,
आणि खडकासकट उपटलेले पिकोरोको,
चोची हलवत, कुरकुरत.
सगळ्यात वर एखादा चमचा.
आमच्या फळ्यांच्या जमिनीत फटी आहेत,
हातून निसटलेलं जे काही असेल
ते दाल्काउएचा समुद्र ठेवून घेतो,
आणि हेनारो त्याच्याकडून सोडवून आणायचे:
चमचे, एक कानातलं,
एकदा कुणाचीतरी कवळी.

गेल्या महिन्यात पुएर्तो मोंतच्या डॉक्टरनं
त्यांच्या उजव्या कानात दिवा घालून पाहिलं
आणि सांगितलं, आता पाण्याखाली जायचं नाही.
हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही.
बाजारात लसूण विकणाऱ्या ओर्तेन्सियानं सांगितलं.

खिडकीजवळचं टेबल मी पुसून दिलं.
त्यांनी खुर्ची उचलून फिरवली,
समुद्राकडे पाठ करून बसले.
'पाणी पुष्कळ पाहिलंय. माणसं बघू दे.'
माणसं म्हणजे सान्तियागोहून आलेलं एक जोडपं,
फोटो काढता काढता रस्सा निववणारं,
आणि कोपऱ्यात दोन सुतार, न बोलता जेवणारे.

मेनू त्यांनी लांब धरला, मग जवळ,
मग आणखी लांब.
'एवढे?'
टेबलावर बोटानं हिशोब मांडला.
'म्हणजे माझ्या अर्ध्या पोत्याला एक ताट.'
रागावले नाहीत. नवल वाटलं त्यांना,
परगावी दिलेल्या मुलीचं
तिथल्या कुणीतरी कौतुक करावं तसं.

पिकोरोको मागवले.
मी वाफाळतं ताट ठेवलं,
खरबरीत दगडी सुळके, तोंडाशी उकळता रस.
त्यांनी एक उचलला आणि उलटा करून तळ पाहिला,
खडकापासून तोडतात तिथे.
'सुरी बोथट होती पोराची,' म्हणाले,
'आणि घाई. तेनाउनची खडपं ही, पश्चिमेची बाजू.'
मग चोच धरून अलगद ओढलं,
पांढरं मांस सुटून आलं,
डोळे मिटून खाल्लं.

मी विचारलं, कसं आहे?
त्यांनी डावा कान पुढे केला.
मी पुन्हा विचारलं,
सगळं हॉटेल वळून बघेल एवढ्यानं.
'गरम आहे,' म्हणाले.
'मी कायम गारच खाल्ले. होडीत.'

आई बाहेर आली, हाताला बटाट्याचा कीस तसाच.
'तुमच्याकडून कसले पैसे घ्यायचे?'
त्यांचा चेहरा बदलला.
'एदेल्मिरा, आज मी गिऱ्हाईक आहे.'
आईनं नोटा मोजून घेतल्या, सुटे परत दिले,
एक पेसो कमी नाही, एक जास्त नाही.
त्यातलेच काही त्यांनी बशीखाली सरकवले
माझ्यासाठी,
माझं लक्ष नाही असं पाहून.

मग उठले
आणि सवयीनं स्वयंपाकघरात शिरले,
ओल्या फळ्यांवरून, पातेल्यांमधून,
मागच्या दाराची कडी काढली.
खाली भरती. शिडीच्या चार पायऱ्या पाण्यात,
खांबाला होडी नाही.
तिथे उभे राहिले जरा वेळ
कोटाची बटणं लावत.
मग आले तसेच परत,
आईला वाट देत, टेबलांना वळसे घालत,
सुतारांना मान लववून
पुढच्या दारानं गेले.

टेबल आवरताना मी मोजलं.
एक चमचा कमी.
फटीतून खाली वाकून पाहिलं, नुसतं काळं पाणी.
आईला सांगितलं नाही.